मग परत लावा

करंगळी पाण्यात बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे आणि मग डावीकडे मान वळवून थुंकायचं. "थू. आज गोड आहे." हे वाक्य ते इतक्या तुच्छतेने म्हणायचे, की खुद्द समुद्राने इंदूरला येऊन त्यांची माफी मागावी. रोज सकाळी साडेदहाला, तीन मजली साड्यांच्या शोरूमच्या ऐन दारात, अगरबत्ती फिरवणाऱ्या सेठच्या डोळ्यांदेखत हा विधी चाले. थुंकण्यासाठी त्यांनी वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा ठेवला होता. स्वच्छतेच्या बाबतीत माणूस कडक.

आता तुम्ही म्हणाल, इंदूरमध्ये समुद्राचं पाणी कुठून आलं? सेठ सिंगापूरला जाऊन आला होता, तिथून आलं. म्हणजे पाणी नाही, हौस. तिथल्या कुठल्याशा हॉटेलात त्याने काचेच्या पेटीत जिवंत पोवळी पाहिली आणि परतल्यावर दोन महिन्यांत तशीच पेटी आमच्या दारात उभी केली. पेटी एवढी, की आमच्या दोन खोल्या मोरीसकट तिच्यात मावून वर पाहुण्यांना जागा उरली असती. मीठ मुंबईहून पोत्यांनी यायचं. पोवळी प्लास्टिकच्या पिशव्यांतून, विमानाने. तोपर्यंत आमच्या घराण्यात कुणीही विमानात बसलं नव्हतं.

लोक या पोवळ्यांना काय काय म्हणतात. समुद्रातली बाग म्हणतात. मला पहिल्यांदा बघून मळमळलं होतं. दगडाला पुरळ उठावं, पुरळाला बोटं फुटावीत आणि ती बोटं पाण्यात तुमच्याकडे बघून हलावीत, तसा प्रकार. एक तर हुबेहूब मेंदू होता, जांभळा. पण गिऱ्हाइकांना भारी आवडायचं. पोवळं म्हणजे मंगळाचं रत्न, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा बायका पेटीला हात जोडायच्या. एका मावशींनी मुलीच्या पत्रिकेतला मंगळ उतरावा म्हणून पेटीभोवती एकवीस प्रदक्षिणा घातल्या. बाविसाव्या फेरीत त्या चंदेरीच्या काउंटरवर आदळल्या, म्हणून मी थांबवलं. मी तिथे मॅनेजर होतो. तळमजल्याचा.

आणि पेटी राखायला ठेवलेले हे, ज्यांना आम्ही सगळे लॅबवाले म्हणायचो.

लॅबवाले एका कापड मिलच्या रंगखात्यातले. प्रयोगशाळेत बावीस वर्षं. काम काय, तर प्रत्येक नव्या रंगाच्या कापडाचा तुकडा घ्यायचा, अर्धा पुठ्ठ्याखाली झाकायचा, अर्धा गच्चीवर उन्हात उघडा ठेवायचा आणि किती दिवसांत किती रंग उडाला ते बघायचं. ऊन कशाचा किती रंग खातं, एवढी एकच गोष्ट या माणसाने बावीस वर्षं पाहिली. मग एका सकाळी गेटवर नोटीस लागली आणि मिल बंद. नंतर ते सांवेर रोडला प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात गेले. तिथल्या वासाने तिसऱ्या दिवशी ओकून घरी आले. नंतर आमच्याकडे. गंमत अशी, की त्यांच्या मिलचे माग भंगारात घेऊन गब्बर झालेला माणूस म्हणजे आमचाच सेठ. लॅबवाल्यांना हे माहीत होतं. पहिल्या दिवशी सेठने हात पुढे केला तेव्हा त्यांनी आपले हात ओले असल्याचं दाखवलं. हात कोरडे होते, मी पाहिलं.

शोरूममधल्या मालाची त्यांना शिसारी होती. पेटीकडून जेवायच्या खोलीकडे जाताना सिंथेटिकच्या काउंटरपाशी नाकाला रुमाल लावायचे. एकदा एक बाई झगमगती राणी रंगाची साडी अंगावर टाकून आरशात बघत होत्या. हे थांबले, अंगठा थुंकीने ओला केला, काठावर घासला आणि बाईंना अंगठा दाखवला. "ताई, हा रंग नाही, रोग आहे. दोन धुण्यांत तुमचे मिस्टर गुलाबी होतील." साडी राहिली. सेठ चिडला, पण काढून टाकेना. कारण त्या पेटीत हात घालायला इंदुरात दुसरं कुणी तयार नव्हतं.

आमचं दोघांचं जमायचं. जमायचं म्हणजे, मी बोलायचो आणि ते तोंड वाकडं करायचे. त्यांचे आजोबा महूच्या पलटणीत होते, माझे संस्थानच्या दप्तरात. दप्तरातल्या आजोबांकडून मला दुसरं काही मिळालं नाही, फक्त शुद्ध मराठीचा माज मिळाला. इंदूरच्या मराठीत काय काय कालवलेलं असतं, तुम्हाला ठाऊक आहे. लॅबवाले म्हणायचे, "भिया, जरा ती लेयर निकालने का टाइम झालाय." मी म्हणायचो, "लॅबवाले, मराठीत बोला, मला इंग्रजी येत नाही." काउंटरवरच्या चार पोरी खिदळायच्या. ते वाकून पेटीची काच पुसू लागायचे. मला वाटायचं, त्यांनाही मजा येते.

त्यांना हवी होती एकच गोष्ट. मस्टरवर नाव. आमच्याकडे ते 'कच्चे' होते. आज या, उद्याचं उद्या. त्यांची मुलगी कॉलेजचा फॉर्म भरत होती, त्यात वडिलांचा व्यवसाय लिहायची एक ओळ होती. तिने सवयीने 'मिल कामगार' लिहिलं, यांनी ते खोडलं. मग दोघांनी मिळून ती ओळ कोरी ठेवली. मला सांगताना म्हणाले, "बंद मिलचा कामगार म्हणजे काय हो? मेलेल्या म्हशीचा गवळी."

पुढचा सगळा घोळ दिव्यांनी केला.

आखातीजला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिसऱ्या मजल्याचं उद्घाटन ठरलं आणि सेठला वाटलं, पेटी मंद दिसते. तोवर तिच्यावर साध्या निळसर ट्यूबा होत्या. त्याने मुंबईहून मेटल हॅलाइडचे दिवे मागवले, रेल्वेच्या यार्डात लावतात त्या जातीचे. मार्चमधल्या एका सकाळी बटण दाबलं, तेव्हा समोरच्या दुकानातल्या पुतळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. पेटीतला मेंदू असा पेटला की त्यातले विचार दिसावेत. सगळा स्टाफ टाळ्या वाजवतोय तोच अंधार झाला. लॅबवाल्यांनी प्लग उपसला होता.

सेठने विचारलं, ये क्या किया. लॅबवाले म्हणाले, "सेठजी, इनको आदत नहीं है. एकदम दोगे तो मर जाएँगे. धीरे-धीरे. चालीस दिन."

चाळीस दिवसांत तर बच्चा चलने लगता है, असं सेठ म्हणाला. त्याच्या घरात लागत असेल. पैसेवाल्यांचं काही सांगता येत नाही. पण प्लग काही लॅबवाल्यांच्या मुठीतून सुटेना. शेवटी सेठने सगळ्यांसमोर बोली केली: आखातीजच्या सकाळी पूरा उजाला पाहिजे आणि पूरा कलरही पाहिजे. दोन्ही मिळाले, तर त्याच दिवशी मस्टरवर नाव.

चाळीस दिवस कशाला, हे त्यांनी मला समजावलं होतं. पोवळं म्हणजे प्राणी. त्याच्या मांसात बारीक शेवाळ राहतं, भाडेकरूसारखं, आणि उजेडावर स्वयंपाक करून घरमालकालाही जेवू घालतं. रंगही बराचसा त्या शेवाळाचाच. उजेड अचानक वाढला की त्या शेवाळाचं विष होतं. मग घरमालक भाडेकरूला बाहेर फेकतो, पांढराफटक पडतो आणि पंधरा दिवसांत उपाशी मरतो. थोडा-थोडा वाढवला तर दोघांनाही सवय होते. मी म्हटलं, पण एवढे लाड? ते पाण्यात बघत म्हणाले, "मिलवाल्यांनी आमच्यावर एका सकाळीत लावला होता, भिया."

त्यांनी दिवे साखळीने छताजवळ उचलले. पहिल्या दिवशी फक्त दोन तास. आणि पेटीवर लाकडी चौकट ठोकून त्यावर मलमलीच्या आठ घड्या ताणल्या. दर पाच दिवसांनी एक घडी कमी करायची, मोकळा झालेला कपडा कडेला गुंडाळायचा. ती मलमल त्यांच्या मिलची. नोटीस लागली त्या दिवशी लॅबच्या टेबलावर पडलेला अख्खा तागा त्यांनी पोटाला गुंडाळला, वरून शर्ट घातला आणि गेटबाहेर काढला. वॉचमनने विचारलं, एवढे जाडे कशाने झालात. हे म्हणाले, दुःखाने.

दुसरी घडी निघाली आणि पोवळ्यांना सर्दी झाली. खोटं वाटेल, पण त्रास झाला की पोवळं शेंबूड सोडतं. तपकिरी, चिकट, तारेसारखा लोंबणारा. गणपतीत विसर्जनानंतर हौदात जे तरंगतं, त्याला आठवडा झाला की जसं दिसेल तसा. लॅबवाले नळी तोंडाने ओढून तो बाहेर काढायचे. एकदा ओढ जोराची झाली आणि घोटभर तोंडात गेला. कुणीही माणूस थुंकला असता. हा माणूस इतर वेळी वाऱ्यावर थुंकायचा, पण त्या दिवशी तो घोट तोंडात धरून त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "घाबरलेत, पण जगतील." मी जिन्याखाली जाऊन सकाळचे पोहे काढून आलो. सेव वेगळी, पोहे वेगळे.

तरी खरं सांगायचं तर रंग चढत होता. तिसरी घडी, चौथी, पाचवी. केशरी आणखी केशरी झालं. त्या मेंदूवर असा हिरवा उमटला की आमच्या रेशमाच्या काउंटरवाल्याने चिंधी घेऊन ताडून पाहिलं आणि हरला. लॅबवाले रोज सकाळी पुठ्ठ्याचा तुकडा काचेला लावून झाकलेलं-उघडं जुळवून बघायचे. हसायचे नाहीत, पण थुंकणं जरा कमी झालं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सेठने मला बोलावून पुढच्या महिन्याच्या मस्टरवर एक ओळ जास्त आखायला सांगितली. मी आखली. लॅबवाल्यांना दाखवलीही. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं नाही, बोट ओलं होतं म्हणून. नुसतं वरून फिरवलं.

चौदा एप्रिलला त्यांच्याकडचे सगळे महूला जातात. लॅबवाले कधी चुकले नव्हते. तेराला सकाळी त्यांनी सहावी घडी काढली, दुपारची बस धरायची होती, आणि मी बँकेत गेलेलो. म्हणून माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेले. साडीच्या खोक्यातल्या कार्डावर, सुरेख अक्षरात. ती मला अजून पाठ आहे.

'मॅनेजरसाहेबांस नमस्कार. पोवळी शेंबडी दिसल्यास दिवा एक तास बंद ठेवावा. मग परत लावा. मी येईपर्यंत तसेच राहू द्यावे.'

एकही हिंदी शब्द नाही, एकही इंग्रजी नाही. लाइटला 'दिवा' लिहिलेलं. मी मनात म्हटलं, वा, शिकले.

संध्याकाळी पोवळी शेंबडी दिसली. मी दिवा बंद केला, घड्याळ लावून एक तास. मग परत लावला. दुकान बंद करताना वॉचमनने विचारलं, ये बड़ा वाला बुझाऊँ क्या. मी म्हटलं, अजिबात नाही, तसंच राहू द्यायचं, लिहून गेलेत. दुसऱ्या दिवशीही तो तसाच राहिला. एप्रिलचा उकाडा, दुकान बंद झालं की एसी बंद, वर दोन घड्या मलमल आणि दीड दिवस न विझलेला रेल्वेच्या यार्डाचा दिवा.

पंधराला सकाळी शटर वर गेलं आणि वासाने मी, वॉचमन आणि लॅबवाले, तिघंही मागे ढकलले गेलो. त्या वासाचं मी वर्षानुवर्षं वर्णन करतो आहे. कधी सडकी अंडी म्हणतो, कधी गटारात उकडलेली कोबी म्हणतो, लोक हसतात. तो यांपैकी कशासारखाच नव्हता. पाणी ताकासारखं. पोवळ्यांसोबत सोडलेले मासे पोट वर करून. आणि पोवळी पांढरी, सगळीच्या सगळी, हाडांसारखी. त्यांच्यावरून मांसाची लक्तरं सुटून नळीच्या तोंडाशी गोळा झालेली. मेंदूवर हिरवा कुठेच नव्हता.

लॅबवाले महूहून तसेच सरळ आले होते, नवा पांढरा शर्ट, हातात माझ्यासाठी पेढ्यांचा पुडा. पुडा त्यांनी काउंटरवर ठेवला. दिव्याकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, बोटाने मलमल मोजली. दोनच घड्या.

"परत कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, लावला की परत. तासाभराने लगेच लावला.

"कुठे लावली?"

"दिवा हो. दिवा परत लावला. पुन्हा."

मग त्यांनी मलमलीची एक घडी चिमटीत धरून उचलली. "ही. हिला तुमच्यात काय म्हणतात?"

"थर," मी म्हणालो. "पदर."

"मला वाटलं, लेयर इंग्रजी, परत आपली." एवढंच म्हणाले. सगळ्या इंदुरात, हिंदी बोलणारा कुणीही, भाजीवालासुद्धा, थराला परतच म्हणतो. मीही हिंदी बोलताना म्हणतो. पण ते मराठी लिहायला बसले होते, माझ्यासाठी, आणि मी मराठी वाचायला.

सेठ नाकाला रुमाल लावून आला. दो दिन किसने जलाके रखा, असं विचारलं आणि वॉचमनने माझ्याकडे बोट दाखवलं. मी चिठ्ठी पुढे केली. सेठ कागद स्वतः वाचत नसे, त्यासाठी त्याने माणसं ठेवली होती आणि त्यांतला एक मी होतो. म्हणाला, पढ़ो, क्या लिखा है.

इथवर मी काही ठिकाणी मीठ जास्त टाकलंय, तुमच्या लक्षात आलंच असेल. हे मात्र जसं झालं तसं आहे. माझ्या हातात कार्ड होतं. 'परत लावा' म्हणजे काय, ते मला दोन मिनिटांपूर्वी कळलं होतं. सेठ साड्यांच्या घड्यांत वाढलेला माणूस. मी ते शब्द जसेच्या तसे मोठ्याने वाचले असते, परत लावा, तर त्याला एका क्षणात समजलं असतं: परत लगाओ. लॅबवाले माझ्या शेजारी उभे होते, वाट बघत.

मी वाचलं, "दिया एक घंटा बंद रखें. फिर से जला दें. मेरे आने तक वैसा ही रहने दें."

शब्दाला शब्द, बिनचूक भाषांतर. आजोबांनी पाठ थोपटली असती.

सेठ म्हणाला, तो इसी का लिखा हुआ है. मग लॅबवाल्यांकडे न बघता मला म्हणाला, वो लाइन काट दो. मी काटली, पट्टी लावून, सरळ. लॅबवाल्यांनी नव्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. दुपारपर्यंत त्यांनी एकट्याने पेटी रिकामी केली. हाडं पोत्यात भरली, काचा पुसल्या आणि निघून गेले.

आखातीजला पूरा उजाला होता आणि पूरा कलरही. सेठने प्लास्टिकची पोवळी आणवली होती, सांवेर रोडच्याच कुठल्यातरी कारखान्यात ओतलेली. सवय करायची गरज नाही, शेंबूड नाही, वास फक्त नव्या बादलीचा. त्या राणी रंगाच्या फांद्यांकडे मी पाठ करून उभा राहिलो. पण गिऱ्हाइकांतल्या एकाही माणसाला फरक कळला नाही. बायका हात जोडत होत्या. उद्घाटनाच्या पेढ्याचा तुकडा एकीने काचेला चिकटवला.

चार-पाच दिवसांनी लॅबवाले आले. पेटीकडे बघितलं नाही. म्हणाले, माझा कपडा राहिलाय. चौकटीवरची मलमल मी गोदामात टाकली होती, ती आणली. पूर्ण उलगडली तेव्हा तळमजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एकट्याने घडी होईना, म्हणून दुसरं टोक मी धरलं. मिलच्या घडीखात्यात करतात तशी त्यांनी सुरुवात केली: दोघांनी ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकांजवळ यायचं, कडेला कड जुळवायची, पुन्हा मागे जायचं. प्रत्येक वेळी अंतर निम्मं. काउंटरवरच्या पोरी बघत होत्या. तिसऱ्या का चौथ्या घडीला आम्ही समोरासमोर आलो, तेव्हा ते हळू आवाजात, अगदी स्वच्छ मराठीत म्हणाले, "साहेब, सेठला माझी मराठी आहे तशी वाचून दाखवायची होती. त्याला कळली असती."

मी कडेला कड जुळवली आणि पुन्हा मागे गेलो.

शेवटची घडी राहिली. माझ्या हातातली कड त्यांच्या हातात द्यायची होती. मी हात पुढे केले. त्यांनी कापड वरच्या वर, दोन बोटांच्या चिमटीत धरलं, असं नेमकं, की माझ्या बोटांना त्यांचं बोट लागू नये. मग ओढून घेतलं.